नमस्काराचा स्विच

"हे कोणाला विचारून केलंस?" शेठनी मफलर सावरत विचारलं.

"हाताला," वहिनी म्हणाली.

जुन्या ड्रिल मशीनच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, एक मोठं लाल बटण नव्यानं उगवलं होतं. ते बसवणारा वायरमन, म्हणजे वहिनीचा धाकटा दीर, असा चेहरा करून उभा होता की जणू बटण आपोआप फुटलं आणि त्यानं फक्त पाणी घातलं.

मूळ स्विच मशीनच्या मागच्या भिंतीवर. मशीन बंद करायचं तर फिरत्या ड्रिलच्या बाजूनं हात घालून कमरेत वाकावं लागे. स्विचच्या वर थोरल्या शेठचा फोटो. त्यामुळे कारखान्यात "मशीन बंद कर" असं कोणी म्हणतच नसे. "नमस्कार कर" म्हणत. हयात असताना थोरल्या शेठना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

वहिनीच्या नवऱ्यानंही असाच एक नमस्कार केला. बाही अडकली. उजव्या हाताची तीन बोटं आशीर्वादात गेली. तो घरी बसला आणि मशीनवर वहिनी आली.

"बाबांनी लावलाय तो स्विच," शेठ म्हणाले. "आजवर सगळे वाकले. तुलाच काय झालंय?"

"लावला बाबांनी. बंद आम्हाला करावा लागतो."

"हे बटण काढ. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

दीर कुजबुजला, "वहिनी, माझीपण नोकरी जाईल हो."

"भावोजी, तुमच्या दादाच्या शर्टाची बटणं मी लावते. उद्या तुमचीही लावू?"

दीरानं पेचकस खिशात टाकला.

"कसले घाबरट लोक!" शेठ कडाडले. "सरका. मी दाखवतो."

"मफलर काढा आधी."

"मला शिकवू नकोस."

शेठनी मशीन सुरू केलं आणि जुन्या स्विचकडे वाकले. वहिनीनं गुडघा बटणाजवळ नेऊन ठेवला.

मफलर शेठच्या आधी पोचला. ड्रिलनं त्याला आपुलकीनं जवळ घेतलं. वहिनीचा गुडघा बटणावर आदळला. ड्रिल आणखी एक गिरकी घेऊन थांबलं. शेठ वाकलेलेच; नाक फोटोपासून वीतभर लांब. वडिलांना इतक्या जवळून त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं.

"हलू नका," वहिनी म्हणाली. "भावोजी, कात्री आणा."

अर्धा मफलर गळ्यात घेऊन शेठ केबिनमध्ये गेले. संध्याकाळी निरोप आला : बटण राहू दे, पण बाबांचा फोटो हलवायचा नाही.

"कशाला हलवू?" वहिनी म्हणाली. "बघू दे त्यांनाही."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. अपघातानंतर तो पहिल्यांदाच इथं येत होता, उजवा हात खिशात घालून. तिनं मशीन सुरू केलं आणि बाजूला झाली.

तो ताठ उभा राहिला. फोटोच्या डोळ्यांत डोळे घातले आणि गुडघ्यानं बटण दाबलं.

"परत लाव," तो म्हणाला.

तिनं लावलं. त्यानं थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं.

केबिनमधून शेठ ओरडले, "अरे, मशीन चालू-बंद काय करताय? काम काय चाललंय?"

"नमस्कार चाललाय," वहिनी म्हणाली.

नवऱ्यानं परत बटण दाबलं. हात खिशातच होता.