पुण्याचा कागद, मळवलीची टाच

सदुसष्ट सालची दिवाळी नुकतीच झाली होती. लोणावळ्याच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या मळवलीच्या महिपतीने बायकोच्या रक्ततपासणीचं, पुण्याहून आलेलं पाकीट तिसऱ्यांदा उघडलं.

"चौदा! आठाच्या वर म्हंजी भरपूर, कंपाउंडर म्हनला. बरी झालीस तू. आता गोळी बंद!"

नंदाबाईने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. पाच वर्षांपूर्वी, गोळी सुरू होण्याआधी, दोन पावसाळे ती भिजलेल्या पोत्यासारखी पडून होती. रोगाशी लढणारे अंगातले राखणदारच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर तुटून पडलेत, ती हळूहळू निकामी होणार, तेव्हा गोळी जन्मभर, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि गेले दोन महिने पुन्हा तेच चाललं होतं. भर दुपारी घोंगडी लागायची, विंचरताना केस मुठीत यायचे. गोळी बंद झाली की आपण पुन्हा आडव्या, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण छापील आकड्यापुढं तिचं कोण ऐकणार?

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून कागद पाहिला, मग तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "खुर्चीवर गुडघे टेका."

टाचेमागच्या शिरेवर हातोडी पडली. पाऊल उडालं, पण परत खाली यायला त्याने असा काही वेळ लावला, की महिपतीही वाकून बघू लागला.

"टाच म्हणते ग्रंथीचा रस कमी, कागद म्हणतो जास्त," बाई पुटपुटल्या. "कागद खरा मानला तर गोळी थांबवायला हवी."

"कागद पुन्याचा हाय, बाई," महिपती म्हणाला. "टाच काय, मळवलीची!"

नंदाबाईला हसू आलं नाही. "बाई, एक इचारू? चौदा म्हंजी मोजलंय काय?"

"ग्रंथी आयोडीनपासून रस करते. तो रस सरळ मोजता येत नाही, म्हणून रक्तातलं आयोडीन मोजतात."

"आयोडीन?"

तिने झटक्यात लुगडं पोटरीवर सरकवलं. विळ्याची लांबलचक जखम, आणि भोवती तपकिरी डाग.

"भात कापताना लागलं. पंधरा दिस सकाळ-संध्याकाळ टिंचर आयोडीन लावतीया. रक्त दिलं त्या दिशीबी लावलंतं. त्येच तर न्हाई मोजलं?"

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "नंदाबाई! तेच मोजलंय! जखमेतून रक्तात उतरलं ते. अहो, मीच आधी विचारायला हवं होतं!" आवाज ऐकून कंपाउंडर दारात आला. बाईंनी चौदावर लाल काट मारली. "टिंचर बंद. गोळी एकाऐवजी दीड. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."

"म्हंजी ही बरी झाली न्हाई?" महिपतीचा चेहरा उतरला.

"व्हते की आता!" नंदाबाईने पिशवीतून बाटली काढली, एक गोळी दातांनी बरोबर मधोमध तोडली आणि कोपऱ्यातल्या माठाकडे निघाली.

"उद्यापासून घ्या, चालेल!" बाई हसत म्हणाल्या.

"न्हाई बाई. आजची अर्धी ऱ्हायलीया."