दोन किलो कमी धरा

मित्रांनो, मी मल्हारगंजमधल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यातला जुना वजनकाटा आहे. हजारो बाळं माझ्या ताटलीत पडून रडली. नवा होतो तेव्हा माझी काय ऐट! आया म्हणायच्या, "बघा, पाव किलो वाढला!" आणि मला वाटायचं, मीच वाढवलं.

मग माझी स्प्रिंग सैल झाली. रिकामा असतानाही मी दोन किलो दाखवू लागलो. मला रोज पुसणाऱ्या शांतामावशींनी हे तीनदा सांगितलं. इन्चार्ज शोभना सिस्टर म्हणायच्या, "मावशी, सबको पता है. दोन कमी धरून लिहायचं, बस!" दुरुस्ती राहूनच गेली. मला फार लाज वाटायची.

गेल्या महिन्यात नागपूरहून नवे डॉक्टर अभिराम आले. पहिल्याच दुपारी जवळच्या महूहून पाच महिन्यांच्या खुशीला आणलं. तिला तापात झटके येत होते. डॉक्टरांनी घाईघाईने तिचं वजन केलं, सात किलो वाचलं, तिला खाटेवर ठेवून तेवढ्या वजनाच्या हिशेबाने इंजेक्शन भरलं. दोन कमी धरायचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अहो, जास्त औषधाने पोरीचा श्वास थांबू शकला असता!

मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. "डॉक्टरसाहेब, तो काटा..."

"मावशी, अभी नहीं!" सिस्टर ओरडल्या.

मावशींची नोकरी कंत्राटी. तरी पोछा टाकून त्या खाटेपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "रुका जी! मला काढायचं तर काढा. हा काटा दोन किलो जास्त दाखवतो. पोरगी पाचच किलोची आहे!"

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ताटली रिकामी, आणि मी दोन किलो दाखवत होतो! त्यांनी हिशेब पुन्हा केला, औषध कमी करून दिलं. थोड्या वेळात झटके थांबले.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" सिस्टर नंतर चिडल्या.

डॉक्टर म्हणाले, "एकट्यात सांगायला थांबल्या असत्या, तर मी इंजेक्शन देऊन बसलो असतो. माझं चुकतंय वाटलं की असंच अडवायचं. तुम्हीसुद्धा, सिस्टर."

संध्याकाळी सिस्टरांनी स्वतःच मला उचलून अडगळीत ठेवलं.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या. पण उद्या कदाचित तुम्ही डॉक्टर व्हाल. हातात भरलेली सिरिंज असेल आणि फरशी पुसणारं कुणी "थांबा" म्हणेल. तेव्हा आधी थांबा. आणि फरशी तुम्ही पुसत असाल, तर मोठ्याने म्हणा.