गवाहीला नेलेली तिफण

मी एक जुनी तिफण आहे मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. लाकडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण मी बाभळीची आहे. बाभळीला येतो.

आधी माझी ओळख सांगते, कारण ट्रॅक्टर आल्यापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं नसेल. खाली तीन फण, त्यांच्यावर तीन पोकळ नळ्या, आणि नळ्यांच्या डोक्यावर लाकडाची एक वाटी. तिला चाडं म्हणतात. पुढं बैल चालतात, मागून बाई चाड्यात मुठीनं बी सोडत जाते, आणि मातीत तीन ओळी सोबतच पेरल्या जातात.

बोरी गावाच्या पलीकडच्या एका गावात सुतारानं मला दत्तरावांसाठी घडवलं. दत्तराव मोठे शेतकरी. त्यांची पेरणी उरकली की मला नाल्याखालच्या तुकड्यावर नेत. तो तुकडा सरजाबाईंचा. कागदावर मात्र दत्तरावांच्या घराण्याचा. इथं जरा नीट ऐका. दत्तरावांच्या वडिलांची विहीर खोदली ती सरजाबाईंच्या सासऱ्यानं. पाणी लागलं त्या दिवशी मालकांनी गावासमोर जबान दिली, "नाल्याखालचा तुकडा तुझा. कस आणि खा." तुकडा कसला, नुसते दगडगोटे. सातबाऱ्यावर नाव चढवून द्या असं सासरा बोलला नाही. जबान दिल्यावर कागद मागणं म्हणजे मालकाच्या इमानावर शंका घेणं, असं त्या भल्या माणसाला वाटलं. त्या घरानं दगड वेचले, त्याच दगडांचा बांध घातला, आणि तिथं तूर डोलायला लागली.

सरजाबाईंच्या हाताची मूठ मला फार आवडायची. बी ना दाट पडायचं, ना विरळ. पेरणी झाली की त्या माझे फण पुसत, आणि चाड्यात मूठभर तूर टाकून मला माघारी पाठवत. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? तसंच ते. दत्तराव ती मूठ चिमण्यांपुढं टाकत.

मग दत्तराव गेले आणि नाल्याजवळून मोठा रस्ता आला. त्यांच्या मुलाला, बन्सीधरला, तिथं हॉटेल बांधायचं सुचलं. त्यानं सरजाबाईंची पेरणी बंद केली, तुकडा कुणाचा यावर तक्रार झाली आणि तालुक्याहून साहेब पंचनाम्याला आले. बन्सीधरनं मला गोठ्यातून ओढून अंगणात उभं केलं.

"साहेब, तिफन आमची. हिनंच पेरायची ही बाई. दर साली चाड्यात आमचा वाटा घालून द्यायची. विचारा तिला."

साहेबांनी विचारलं, "काय हो, चाड्यात धान्य असायचं का?"

"असायचं की!" सरजाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "रिकामं चाडं माघारी देतेत का कुठं?"

"म्हणजे वाटा देत होतात. लिहा, बटईदार, वाट्यानं मालकाची जमीन कसणारी."

सरजाबाईंना कळेचना काय झालं ते. आपण चांगली चाल सांगितली आणि जमीन गेली कशी? त्यांची सून धम्मशीला मात्र लेकरू काखोटीला मारून पुढं आली.

"अवो साहेब, सुमनकाकू आमची चाळणी नेत्यात. माघारी देताना मूठभर डाळ घालत्यात. मग त्या आमच्या बटईदार झाल्या का?"

पंचसुद्धा हसले.

"चाळणीचं प्रकरण माझ्यापुढं नाही," साहेब म्हणाले.

बन्सीधर खेकसला, "लय तोंड चालायलंय तुझं!"

"पेरणी बंद केली तुमी, आता तोंडच चालणार की."

सुमनकाकू म्हणजे बन्सीधरची आई. ती दारातच उभी होती. ती मूठ काय आहे, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती घरात निघून गेली. मित्रांनो, खोटं बोलणाऱ्यापेक्षाही मला तिचा जास्त राग आला.

सरजाबाईंनी परभणीच्या मोठ्या कचेरीत दाद मागितली. तिथं नुसत्या तारखा पडायला लागल्या. इकडं वापसा झाला, भिजलेली माती पेरणीजोगी झाली, पेरणी आली. मला मागायला मात्र कुणी आलं नाही. सरजाबाईंच्या वस्तीतल्या बाया खुरपी घेऊन वाकल्या आणि त्यांनी एकेक दाणा हातानं मातीत टोकला. बांधावरच्या कडुलिंबाला झोळी बांधलेली. पोर रडलं की धम्मशीला ओळ सोडून जायची, पाजायची, पुन्हा येऊन वाकायची.

तूर उगवली. दोन-दोन पानं हसायला लागली. आणि त्या दिवशी बन्सीधरनं मला बैल जुंपले. चाड्यात दाणा नाही. मला उगवलेल्या पिकातून उभंआडवं फिरवलं. ज्या फणांनी जन्मभर पेरलं, त्याच फणांनी कोंब उपटले.

सरजाबाई बांधावरून ओरडत होत्या, "आरं बापू, वैर तुझं-माझं हाय. तुरीचं काय चुकलं रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया परत खुरपी घेऊन आल्या.

"आत्याबाई, बी पुरंल का?" धम्मशीलानं विचारलं.

"पुरंल. न्हाई पुरलं तर डाळीला ठेवलेली तूर हाय. ती घालू."

आता बन्सीधर मला रंग देणार आहे. हॉटेलच्या दारात मला उभं करायचं आहे, येणारे-जाणारे माझ्यासोबत फोटो काढतील म्हणून. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. लेकरांनो, मला जपू नका. मला फोडा, सरजाबाईंच्या चुलीत घाला, त्यांच्या भाकरी तरी भाजतील.

नाल्याखाली दुसऱ्यांदा तूर उगवून आली आहे. जपायचंच असेल तर तिला जपा. घरच्या मोठ्यांना हाताला धरून तिथं न्या. बन्सीधर पुन्हा बैल घेऊन येईल, तेव्हा बांधावर सरजाबाई एकट्या उभ्या नकोत.