पोटावरची जाळी

मित्रांनो, मला तोंड आहे पण बोलता येत नाही, पोट आहे पण भूक लागत नाही. ओळखलंत? मी शेकायची रबरी पिशवी. एके काळची लालभडक, आता फिकी पडलेली, मानेशी बारीक चिरा गेलेली. एका कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी बहिणी शेजारी टांगलेल्या होत्या. त्या कुठे कुठे गेल्या, देव जाणे. मी मात्र एकाच घरात म्हातारी झाले, आणि त्या घरात जे ऐकलं ते कुणालाच सांगू शकले नाही.

घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दुकानात पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी दुरुस्तीला येत. वडिलांच्या मागे दोघी बहिणींनी ते चालवलं. थोरली मोटारीत तांब्याची नवी तार भरायची. धाकटी मागच्या अंगणात लोखंडी पिंपात जुन्या वायरी जाळायची, कारण वरचं प्लॅस्टिक जळून गेलं की आतलं तांबं हाती लागतं. तो काळा धूर खिडकीतून आत येई आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकायच्या राहिलेल्या भांड्यांवर, माझ्यावरही बसे. "धूर निघतोय तोवर आपली चूल पेटतेय," असं थोरली हसून म्हणायची.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते धाकटीनं. पाळी आली की ती मला पोटाशी धरून मोटारींच्या आडोशाला बसायची. आणि मित्रांनो, तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. रबराला कान नसतात हे खरं, पण माझ्या पोटातलं पाणी सगळं ऐकतं. तिच्या आत कुणीतरी होतं. वाट चुकून भलत्याच जागी राहायला गेलेलं. महिना भरला की तेही जागं व्हायचं, तेही रक्त गाळायचं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला दार नव्हतं. मग ते आतूनच भिंती खरवडत बसे.

थोरलीच्या पोटातही तेच होतं, फक्त दबक्या आवाजात. ती ओठ आवळून काम करत राही, म्हणून ती शहाणी ठरली. धाकटी कळवळायची, म्हणून तिचं नाव पडलं रडूबाई. तिला मूल होईना म्हणून नवरा निघून गेला, तेव्हाही लोक म्हणाले, नाटकं करणारीचं असंच व्हायचं.

"तुझंच काय गं जगावेगळं?" थोरली तिला म्हणायची. "बाईनं हे पोटात घालायचं असतं."

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. मी तर दोघींच्या पोटावर झोपलेली, मला का कळणार नाही? पण सांगणार कशी?

त्या घरातली आणखी एक गोष्ट विलक्षण होती. दोघींच्या पोटावर, बेंबीखाली, तपकिरी रंगाची एक जाळी होती. त्यांच्या आईलाही होती म्हणे. ही आपल्या घरच्या बायकांची खूण, मुलगी वयात आली की उमटते, असं त्या मानत. थोरलीची मुलगी मोठी झाली आणि मला तिच्याही पोटावर ठेवण्यात आलं. आतून तोच आवाज आला, तीच खरवड. माझ्यातलं पाणी कढत होतं, तरी मी गारठले.

माझ्यातल्या पाण्याची धग दिवसेंदिवस वाढत गेली. गरम पुरेना म्हणून उकळतं, उकळतं पुरेना म्हणून वरचं फडकंही काढून टाकलं. आणि एका सकाळी मुलीच्या पोटावर जाळी दिसली.

"आली गं आपली खूण," थोरली मायेनं म्हणाली.

मुलगी आपल्याच पोटाकडे भूत दिसल्यासारखी बघत राहिली. "आई, आता मीपण रडूबाई होणार का?"

पुढच्याच पाळीत ती तार भरता भरता खाली कोसळली. दवाखान्यात तिच्याबरोबर मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं आणि विचारलं, "ही जाळी कशाची?"

"ती आमच्या घराण्याची आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी मला उचललं आणि अलगद त्या जाळीवर ठेवलं. सगळी जाळी माझ्याखाली झाकली गेली.

"ही खूण घराण्याची नाही, या पिशवीची आहे. सारखा कढत शेक घेतला की कातडीवर अशी जाळी उठते, मग तो पिशवीचा असो की तापल्या विटेचा. पण इतका शेक लागावा असं दुखत होतं, तेव्हा कुणी विचारलं का, की का दुखतंय?"

थोरलीनं मला जाळीवरून बाजूला केलं.

तपासण्या झाल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, भलतीकडे रुजतं. ते का रुजतं हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं, त्यातून होत असावं. पण तसं पुष्कळ बायकांचं होतं, आणि सगळ्यांना हा आजार होत नाही. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन त्याला खतपाणी घालतं. आई-मावशीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते.

"आणि आम्ही पिंपात वायरी जाळतो, तो धूर?" मुलीनं विचारलं.

"प्लॅस्टिक जळताना जी विषं निघतात त्यांच्यावर संशय आहे. पुरावा पक्का नाही, त्यामुळे तुझं दुखणं धुरामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण पिंप आजच बंद करा, तो धूर तसाही घातकच. आजार मुळासकट जाईलच असं नाही, पण गोळ्यांनी दुखणं आवाक्यात येतं. नाहीच आलं तर ऑपरेशनही असतं."

कोपऱ्यात उभी असलेली धाकटी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "म्हणजे बाई, माझंही खरंच दुखत होतं?"

थोरलीनं तिचा हात धरला आणि ती शहाणी बाई ढसाढसा रडली.

आता अंगणातलं पिंप पालथं पडलंय. मला कोमट पाण्यानं भरतात, फडक्यात गुंडाळतात. मित्रांनो, माझ्यात उकळतं पाणी ओतू नका, माझं रबर फाटतं आणि तुमची कातडी जळते. आणि घरात कुणी पिशवी पोटाशी धरून गप्प बसलेली दिसली तर तिला नावं ठेवू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा.

काल धाकटीनं मला पोटावर घेतलं. ते अजून आत आहे, अजून खरवडतंय. पण थोरली शेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, "आज फार दुखतंय का गं?" इतकी वर्षं ते ऐकणारी मी एकटीच होते.