भरली सफरचंदं आणि माझी घंटा

मित्रांनो, मी एक एअर फ्रायर आहे. आता जुना झालोय. उजव्या अंगाला ओरखडे पडलेत आणि बटणावरचे आकडे पुसट झालेत. पण जुना म्हणून मी निवांत असेन, असं मात्र समजू नका. माझा स्वभावच मुळी अस्वस्थ. डोक्यात तापणाऱ्या तारेचं वेटोळं आणि त्याच्यावर पंखा घेऊन जन्माला आलेला कोणी शांत कसा असेल? बटण फिरवलं की पंखा सुटतो, गरम वारा टोपलीत घिरट्या घालू लागतो आणि मला थांबणं ठाऊक नसतं. शेवटी घंटाच मला थांबवते. मग मी दाराकडे कान लावून बसतो, की आता कोण येईल आणि मला उघडेल. मला पाय नाहीत म्हणून ओट्यावर बसलोय, नाहीतर घरभर येरझाऱ्या घातल्या असत्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही एकामागून एक पुढे जायचो आणि टोकाला एक बाई बसलेल्या असायच्या. त्या प्रत्येकाला एकदा सुरू करायच्या, डोळे मिटून आवाज ऐकायच्या आणि पुढे ढकलायच्या. माझ्यापाशी त्या जरा जास्तच थांबल्या.

"हा भारी उतावळा दिसतोय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "पण चालेल."

माझ्याबद्दल कोणीतरी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते कौतुक होतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

दुकानातून मला बाबांनी आणलं. बाबा म्हणजे या घरचे बाबा, बसचे ड्रायव्हर. आई इस्पितळात नर्स. आणि त्यांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात. ती जेवताना पाय हलवते, अभ्यास करताना पेन्सिल फिरवते आणि दात घासताना सगळ्या खोल्यांतून चक्कर मारून येते. तिला पाहिलं तेव्हाच मला वाटलं, आपलं हिच्याशी जमणार.

सुरुवातीचे दिवस काय थाटाचे होते! बिनतेलाचे बटाट्याचे काप पाहायला मजल्यावरचे सगळे येऊन गेले. शेजारचे काका तर वाकून माझ्या बुडाखाली बघत होते, तेल गुपचूप कुठे गळतंय का म्हणून. आई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. मी नुसता फुगून गेलो होतो.

मग बाबांना लांब पल्ल्याची गाडी मिळाली आणि आईच्या इस्पितळातल्या पाळ्या बदलू लागल्या. एक घरात आला की दुसरा बाहेर पडायचा. घरात माणसं तीन, पण तिघं एकत्र दिसणं म्हणजे मोठा योगच. तेव्हापासून या घरात एक रीत पडली. पुढच्या माणसासाठी जे काही असेल ते माझ्या टोपलीत ठेवायचं. येणारा माणूस टोपलीची मूठ जरा हलवून पाहायचा. जड लागली, की आत काहीतरी आहे. मग लगेच बटण फिरवायचं आणि उभ्याउभ्याच खायचं. निघताना उरलेलं पुन्हा आत ठेवायचं आणि पुन्हा बटण फिरवायचं.

"गरम करून ठेवते हं," असं आई रिकाम्या खोलीला सांगायची आणि चपला घालायची.

बाबाही तेच करायचे. भिंगरीसुद्धा शिकली. मी दिवसभर फिरत राहायचो आणि माझी घंटा बहुतेक वेळा बंद दारालाच ऐकू यायची. मला पुसायला कोणाला सवड नव्हती. जाळीवर चिकट थर चढले. मला खरं तर त्या थरांचं एवढं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते याचं, की माझ्या मुठीवर कधी आईचा हात असे, कधी बाबांचा, पण दोघांचे आवाज एकाच वेळी स्वयंपाकघरात ऐकू येत नव्हते.

खिडकीबाहेरच्या झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली, त्या सुमारास आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती घरीच शिवणकाम करते आणि तिचं बोलणंही कात्रीसारखं सरळ. आईचे हात पिठात होते म्हणून तिने फोन माझ्या टाळक्यावर ठेवून स्पीकरवर लावला होता.

"पोर शाळेतून येते आणि कुलूप उघडून एकटी बसते, हे काही बरं नाही," आत्या म्हणाली. "वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे राहू दे तिला. शाळेचं मी बघते. मी चोवीस तास घरात असते, तिला कधी गिळायचं, कधी झोपायचं ते तरी नीट होईल."

आई बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "ताई, रविवारी या. तेव्हा ठरवू."

भिंगरी दाराआड उभी होती. फोन बंद झाल्यावर ती आली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. हात गार पडला होता. मला तेव्हा तापता आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण बटण फिरवल्याशिवाय मला काही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सफरचंदांची पिशवी घेऊनच घरी आली. भरलेली सफरचंदं भाजायची कृती तिने कुठेतरी पाहिली होती. पानगळीच्या दिवसांत जेवणानंतर गरमागरम खायचा गोड पदार्थ.

"हे उभ्याने खाताच येत नाही," ती मला समजावून सांगत होती. घरात दुसरं होतं तरी कोण? "खूप गरम असतं, रस गळतो, बशी लागते, चमचा लागतो. बसावंच लागतं. रविवारी आम्ही चौघं बसून खाऊ ना, मग आत्याला कळेल की आमच्याकडेपण सगळं नीट असतं. मग ती मला नेणार नाही. तू फक्त जाळू नकोस."

मित्रांनो, तोपर्यंत मला कोणी इतक्या विश्वासाने काही सांगितलं नव्हतं. माझा नुसता जीव टांगणीला लागला.

पहिला प्रयत्न फसला. तिने सफरचंदाचा गाभा काढताना चमचा थेट बुडातून बाहेर काढला. लोणी आणि साखर खालच्या जाळीतून गळून गेली आणि मी धूर ओकला. दुसऱ्या वेळी बूड शाबूत राहिलं, पण ओट्स आणि अक्रोडाचा चुरा तिने वर नुसताच भुरभुरवला होता. माझा वारा सुटला आणि सगळा चुरा उधळला. सफरचंदाची छोटीशी टोपी, म्हणजे वरून कापलेली चकती, तर उडून थेट माझ्या तापल्या तारेला जाऊन चिकटली. तिसऱ्या वेळी साल फुटून सफरचंद बसकं झालं.

पण भिंगरी हट्टी. चौथ्या खेपेला तिने सगळं मनासारखं जमवलं. मनुका तळाशी घातल्या. ओट्स, अक्रोड, साखर आणि दालचिनी लोण्यात मळून त्यांचा गोळा केला आणि आत घट्ट दाबला. टोपी टूथपिकने टोचून बसवली. सालीवर सुरीने हलकी रेघ मारली, म्हणजे वाफेला वाट मिळते. टोपलीच्या तळाशी दोन चमचे पाणी घातलं. मीही जमेल तितका बेताने वाहिलो. बाहेर आली ती सफरचंदं अशी काही झाली होती, की तिने त्यातलं एक चाखलं आणि स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या.

रविवार उजाडला. बाबांची गाडी दुपारी पोहोचणार होती, आईची कामाची पाळी दुपारी संपणार होती आणि आत्याही दुपारीच यायची होती. भिंगरीने आदल्या दिवशीच आईबाबांना बजावलं होतं, "उद्या टोपलीत गंमत असेल. कोणी उघडायची नाही!" तिने चार सफरचंदं भाजली. उत्तम झाली. ऊब राहावी म्हणून ती माझ्या पोटातच ठेवली, टेबलावर चार बश्या मांडल्या आणि आत्याला घ्यायला ती खाली बसथांब्यावर गेली.

थोड्या वेळाने बाबा आले. नाकाने हवा ओढत म्हणाले, "वा! बेत दिसतोय." मूठ हलवली. जड लागली. उघडायची नाही, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी टोपली उघडली नाहीच. पण पोरगी परत येईपर्यंत गार व्हायला नको, म्हणून बटण फिरवलं आणि अंघोळीला गेले.

मी ओरडलो, मित्रांनो. म्हणजे माझ्या परीने जास्त घरघरलो. पण बाबांनी नळ सोडला होता.

घंटा झाली आणि माझा जीव भांड्यात पडतोय तोच आई आली. बाबा अजून नळाखाली गात होते. आईनेही मूठ हलवली. "माझं गुणाचं बाळ," ती पुटपुटली आणि तिनेही बटण फिरवलं. मग गणवेश बदलायला आत गेली आणि पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून आडवी झाली.

आतली साखर आता कडवट होऊ लागली होती. टोप्या वाकड्या झाल्या होत्या. मनुका फुगून फुटल्या. मला सगळं कळत होतं आणि तरी पंखा काही थांबत नव्हता. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

पुन्हा घंटा झाली. आणि नुसतं लोटलेलं दार ढकलून आत्या आली! ती दुसऱ्या रस्त्याने आली होती, भिंगरी बिचारी अजून थांब्यावरच ताटकळत होती. घरात कोणी दिसेना. आत्याने बश्या पाहिल्या, माझ्यावर तळहात ठेवून पाहिला; आत कितीही आग असली तरी माझं वरचं अंग कोमटच लागतं.

"एवढ्या गारठ्यात हे असं कोमट खाणार का ही माणसं?" असं म्हणून तिने बटण पार टोकापर्यंत फिरवलं आणि बूट काढायला बाहेर गेली.

भिंगरी धापा टाकत जिना चढून आली तेव्हा स्वयंपाकघरात निळा धूर होता. तिने टोपली ओढली. आत चार काळे, सुरकुतलेले गोळे होते. बाबा ओल्या डोक्याने धावत आले, आई झोपेतून उठून आली, आत्या एका पायातला गाठ बसलेला बूट तसाच ठेवून आली. भिंगरी टोपली तशीच हातात धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय गं, किती वेळ लावलास?" आत्याने विचारलं.

"मी नाही! मी केव्हाच बंद करून गेले होते!"

बाबा चाचरले. "मी जरासं गरम केलं होतं. तुझ्यासाठी."

"अहो, मीपण!" आई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्या बुटाची नाडी सोडवण्यात फारच गुंतली होती.

"ताई?" बाबांनी विचारलं.

"आता मला काय माहीत, तुमच्या घरात सगळेच गरम करतात ते!" आत्या म्हणाली आणि आधी तिलाच हसू फुटलं. आई हसली, बाबा हसले. भिंगरी मात्र हसली नाही.

"तुम्ही सगळे माझ्यासाठी करता," ती हुंदके देत म्हणाली, "पण मला कोणी विचारतच नाही. मला आत्याकडे जायचंय का, हेपण कोणी विचारलं नाही."

आत्या टेबलाशी बसली आणि तिने भिंगरीला जवळ ओढलं. "बरं, आता विचारते. यायचंय तुला?"

"नाही. मला इथेच राहायचंय. पण दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बसायचं."

पिशवीत चार लहान सफरचंदं उरली होती. बाबांनी माझी जाळी घासून काढली, इतकी स्वच्छ, की मला अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. आईने गाभा काढला. आत्याने टोप्या टोचल्या, अगदी बटण लावावं तशा. भिंगरी सगळ्यांवर हुकूम सोडत होती. "बूड फोडू नका! चुरा दाबा!" मग तिने बटण फिरवलं आणि बजावलं, "आता कोणीही हात लावायचा नाही."

चौघं माझ्यासमोर बसली. बाबा म्हणाले की उद्याच डेपोत जाऊन जवळची गाडी मागतो. आई म्हणाली की निदान रात्रीची जेवणं तरी जमवूच. आत्या म्हणाली, "मग मी नेत नाही हिला. पण अधूनमधून अचानक येईन, लक्षात ठेवा!" आणि मग कोण लहानपणी काय काय जाळायचं याच्या गोष्टी निघाल्या, त्या काही संपेनात.

माझी घंटा वाजली. नेहमीसारखा मी कान टवकारले. पण कोणी उठलं नाही. बाबा काहीतरी सांगत होते, आई पोट धरून हसत होती आणि भिंगरीचे पाय टेबलाखाली चक्क स्थिर होते. आत सफरचंदांचा रस हळूहळू मुरत होता. इतकी वर्षं घंटेनंतर माझा जीव कासावीस व्हायचा. त्या दिवशी मात्र नाही झाला.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या. जाळी खरकटी ठेवू नका, वारा फिरेल एवढी जागा आत ठेवा. आणि कोणासाठी बटण फिरवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. बाकी, घंटा वाजली आणि तुमच्या गप्पा संपल्या नसतील, तर खुशाल बसून राहा. मी थांबतो. आता मला थांबता येतं.