गाडीपाशी

आमचे हे, निकानोर, वायादोलिदच्या एका मालकाकडे पर्यटकांची व्हॅन चालवतात. सकाळी चिचेन इत्साचे अवशेष, दुपारी इसामालचं पिवळंजर्द गाव, मग प्रोग्रेसोचा समुद्र, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. घरी आले की तव्यापाशी बसून मला सगळं सांगायचे. सापाची तोंडं असलेल्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवली की पिरॅमिडच्या दगडातून पक्षी ओरडतो, असलं काहीबाही. मी तव्यावरची मक्याची तोर्तिया उलटत विचारायचे, "आणि मग?"

माझ्या मोठ्या नणंदबाई, ओब्दुलिया वन्सं, मात्र ऐकताना नाक मुरडायच्या. "थापा आहेत सगळ्या," म्हणायच्या.

सप्टेंबरात पाहुणे नव्हते, म्हणून मालकाने दोन दिवस गाडी दिली. ह्यांनी आम्हा दोघींना सुट्टीवर न्यायचं ठरवलं. वन्सं लगेच म्हणाल्या, "बरं झालं. आता कळेल पक्षी ओरडतो का."

चिचेनला गाडी लावली तेव्हा मी अभिमानाने फुगलेच होते. नारळवाला, जिकामाच्या कंदाला तिखट लावून विकणारी बाई, सगळे ह्यांना नावाने हाक मारत होते. फाटकाशी तिकिटं आमच्या हातात देऊन हे मागे वळले.

"या फिरून. मी गाडीपाशी आहे."

सवयीने बोलून गेले बिचारे. वन्संनी तेवढंच पकडलं. "काय रे, आत कधी पाऊल तरी टाकलंयस का?"

"टाकलंय तर," हे म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मग स्वतःचंही तिकीट काढून आमच्याबरोबर आले.

मला राग आला. इतकी वर्षं मी मान डोलावत ऐकत होते आणि ह्या माणसाने आतलं काहीच पाहिलेलं नव्हतं. चांगली खरडपट्टी काढावी असं मनात होतं. पण झाडं संपली, पिरॅमिड समोर आला, आणि ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती छातीशी धरून नुसते बघत राहिले. माझा राग तिथेच निवला.

"वाजव टाळी," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी उभे होतो तिथूनच वाजवली. आम्ही कोपऱ्याशी होतो. काही झालं नाही. पुन्हा वाजवली. वन्सं गालात हसायला लागल्या.

"अहो, इथून कसा ओरडेल?" मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं ना, आधी सापाची तोंडं शोधायची. चला."

मी पुढे झाले. वळून पलीकडच्या बाजूला गेलो, तर जिन्याच्या पायथ्याशी दोन्हीकडे जबडे वासलेले साप. "आता थोडं मागे सरा. बरोबर मधोमध. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी." हे मधोमध उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली.

पक्षी ओरडला.

वन्संनी स्वतः वाजवून पाहिली. पुन्हा ओरडला. मागच्या सीटवरच्या लोकांच्या गप्पा ह्यांनी किती नीट ऐकल्या असतील, ते मला तेव्हा कळलं.

इसामालला टांग्याच्या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या बघून वन्सं पोट धरून हसल्या. आम्ही कोचिनिता, म्हणजे मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, खाल्लं आणि तिथल्या मठाच्या अंगणातून ह्यांना मीच फिरवलं. कुठे वळायचं ते मला पाठ होतं.

प्रोग्रेसोला पोचलो तर हे पुन्हा बदामाच्या सावलीत, गाडीला टेकून उभे.

"आता काय झालं?"

"गाडी एकटी सोडत नाहीत गं."

मी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि वन्संच्या ओंजळीत ठेवली. "वन्सं, आज गाडीपाशी तुम्ही."

त्या तोंड उघडणार होत्या, पण भावाकडे बघून त्यांनी किल्ली मुठीत धरली. "जा रे," एवढंच म्हणाल्या.

आम्ही गुडघाभर पाण्यात गेलो. ह्यांनी पँट वर दुमडली होती, तरी भिजलीच. माझा हात काही त्यांनी सोडला नाही. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. मी तवा ठेवला. हे नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, "फिदेलिया, काल काय झालं सांगू? एका जिन्यासमोर मी टाळी वाजवली."

मी तोर्तिया उलटली.

"आणि मग?"