भर दुपारच्या भुताची निळी काच

मी एक जुनी निळी काच आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, सागवानी चौकटीत बसवलेली. आधीच सांगून ठेवते, माझी कीव करू नका. कपाटात ठेवलेल्या आणि सणासुदीला पुसल्या जाणाऱ्या काचा पुष्कळ असतात. मी त्यांतली नाही. मी भट्टीवर काम केलं आहे आणि एका भुताच्या सिनेमातही.

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की आठवत नाही. आठवतो तो पेंढ्याने भरलेला खोका आणि पिंपरीच्या एका ओतकामाच्या कारखान्यातला काळा, गरम वास. साल होतं एकोणीसशे अडुसष्ट. तिथल्या सुताराने मला चौकट केली आणि भट्टीवाल्या ज्योतीरामांच्या हातात दिली. हा उंच, अबोल माणूस लातूरकडून पोटासाठी इकडे आला होता. वितळलेल्या लोखंडाकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, म्हणून ज्योतीराम माझ्यातून बघायचे. रंगावरून लोखंड ओतायजोगं झालं की नाही, ते त्यांना बिनचूक कळायचं.

"ही काच माजा तिसरा डोळा हाय," ते सगळ्यांना सांगायचे. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

नऊ वर्षं हे चाललं. मग भट्टीची उष्णता आकड्यात दाखवणारं यंत्र आलं. साहेबांनी त्याला हार घातला आणि मला भंगाराच्या पेटीत टाकलं. मी संतापले, पण काचेच्या संतापाला कोण विचारतो! ज्योतीरामांनी स्टोअरवाल्याला विचारून मला घरी आणलं आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलं. दोन वर्षं मी तिथेच धूळ खात होते.

शेजारच्या खोलीत मृदुला राहायची. ती कंपनीच्या नकाशा विभागात ट्रेसर होती, म्हणजे साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने हुबेहूब उतरवायची. एकदा तिच्यापुढे कारखान्याच्या जागेचे दोन नकाशे आले. जुन्या नकाशात माळाच्या मधोमध एक छोटा गोल होता आणि शेजारी 'विहीर' असं लिहिलेलं होतं. नव्या नकाशात तिथे शेड होती. मृदुलाने चौकशी केली. ती विहीर सोजरबाईची निघाली. आमच्याच कारखान्याच्या फाटकासमोर भाजी विकणारी म्हातारी! जमीन सरकारात गेल्यावर ती लेकीकडे कुरुळीला राहायची आणि रोज सकाळच्या एस.टी.ने मेथीच्या जुड्या घेऊन यायची.

"जमिनीचं सरकारनं दिलं, त्ये मिळालं. त्येचं काय न्हाई," सोजरबाई म्हणाली. "पर हीर माज्या मालकानं सोता खनली व्हती. आता कुनाला सांगितलं तर म्हनत्यात, म्हातारे, हितं कुटं व्हती हीर? मला खोटी पाडत्यात."

त्या दिवशी मृदुलाने ठरवलं की ह्याचा सिनेमा काढायचा, आणि तोही भुताचा. रिकामी घागर घेतलेली एक बाई कारखान्याच्या भिंतीशी येते आणि भेटेल त्याला विचारते, 'माझी विहीर कुठंय?' जो म्हणतो 'इथं विहीर नव्हती,' त्याची सावली नाहीशी होते. गणपतीत आमच्या कामगार वसाहतीच्या मंडपात तो दाखवायचा. म्हणजे सोजरबाईला खोटी पाडणारे सगळे समोर बसलेले असतील.

आळंदीच्या एका फोटोवाल्याने चावी भरून चालणारा सिनेमाचा जुना कॅमेरा दिला आणि मुदत संपलेली काळी-पांढरी फिल्मही दिली. पण भूत रात्री हवं आणि मदतीला येणाऱ्या ज्योतीरामांची रात्री पाळी असायची. दिवे तर कुणाकडेच नव्हते. शूटिंग रविवारी दुपारीच होणार होतं. सगळे हिरमुसून बसले, तेव्हा ज्योतीरामांनी मला खिळ्यावरून काढलं.

"ताई, हिच्यातून बगा की. भर उन्हात चांदनं पडलंय!"

मृदुलाने पाहिलं आणि टाळी वाजवली. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून त्यांनी मला भिंगापुढे बांधलं. मित्रांनो, भंगारातून मी थेट सिनेमात गेले!

सोजरबाईच्या तोंडाला तांदळाचं पीठ फासलं. मृदुलाने कुंकवाचा करंडा पुढे केला आणि एकदम ओशाळली, कारण सोजरबाईचे मालक जाऊन पंधरा वर्षं झाली होती. म्हातारीने स्वतःच करंडा ओढून रुपयाएवढं कुंकू लावलं. "भुताला कोन नाव ठिवनार?" असं म्हणून ती खुदकन हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. ते मी फार जवळून पाहिलं.

पाच रविवार शूटिंग झालं. फिल्म धुवायला मुंबईला गेली, परत आली आणि फोटोवाल्याच्या घरी पडद्यावर लागली. चांदणं कुठेच नव्हतं! आकाश पिठासारखं पांढरं होतं, चेहरे काळवंडलेले होते आणि सोजरबाईच्या कपाळावर कुंकवाच्या जागी काळं भोक दिसत होतं.

"अहो, काळ्या-पांढऱ्या फिल्मला निळं कसं दिसेल?" फोटोवाला पोट धरून हसू लागला. "निळ्या काचेतून आकाश पांढरं पडतं आणि लाल काळं. तुम्ही पाहिलं डोळ्यांनी. फिल्मला थोडेच तुमचे डोळे आहेत!"

मृदुला ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. ज्योतीराम खाली मान घालून म्हणाले, "चूक माजी हाय, ताई." खरं तर चूक माझीही होती. नऊ वर्षं डोळ्यांना मदत केली म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

सोजरबाई मात्र पडद्याकडे टक लावून बघत होती.

"रडतीस कशापायी, पोरी? भुतं काय रातच्यालाच येत्यात व्हय? आमची आय म्हनायची, भर दुपारी बाराला नदीवर एकटं जाऊ न्हाई. रातचं काय, मानूस दार लावून झोपतंय. दुपारचं भूत आलं तर कुटं पळशीला?"

मृदुलाने डोळे पुसले. सिनेमात कुणाचं बोलणं नव्हतंच, गोष्ट ती स्वतः माईकवर वाचणार होती. तिने वहीतली सगळी रात्र खोडली आणि दुपार लिहिली. सिनेमाचं नावही बदलून 'भर दुपारी' ठेवलं.

ही बातमी उद्धवरावांच्या कानावर गेली. ते कंपनीत हेडक्लार्क होते आणि मंडळाचे अध्यक्षही. माणूस वाईट नव्हता, पण साहेबांचं नाव निघालं की त्यांची पाचावर धारण बसायची.

"मृदुला, आरतीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर ही म्हातारी शेडखालची विहीर मागणार?"

"काका, आम्ही कारखान्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही. आम्ही विहीर म्हणतोय, शेड तुम्हालाच आठवली."

उद्धवराव लालबुंद झाले. "मंडप मिळणार नाही आणि माईकही नाही. बघतो कसा दाखवता ते!"

"बघाच," मृदुला म्हणाली.

गणपतीच्या सहाव्या दिवशी संध्याकाळी वसाहतीच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीला ज्योतीरामांनी चुना फासला आणि आपल्या खोलीतून वायर ओढली. बायका, पोरं, पहिल्या पाळीचे कामगार, सगळे जमिनीवर दाटीवाटीने बसले. सिनेमा सुरू झाला. चुकीची टोचणी गेली नव्हती म्हणून ज्योतीरामांनी हळूच मला फोटोवाल्याच्या प्रोजेक्टरच्या झोतापुढे धरलं. भिंत निळीशार झाली.

"काढा ती, भाऊ," मृदुला म्हणाली. "दुपारच राहू दे."

मला क्षणभर वाईट वाटलं. मग पांढऱ्या उन्हातून, कपाळावर काळं भोक घेऊन सोजरबाई चालत आली आणि पोरं किंचाळली. ते भोक कुणी पाडलं होतं? मीच! मी केलं तसं भूत चांदण्यालासुद्धा जमलं नसतं.

इतक्यात मंडपातला कर्णा कर्कश गाऊ लागला. उद्धवरावांनीच आवाज वाढवला होता. मृदुला ओरडून वाचत होती, पण शेवटी तिचा घसा बसला. आता गोष्ट कुणालाच कळेना. मागची माणसं उठू लागली. पाच रविवार आणि एका म्हातारीचा शब्द, सगळं त्या कर्ण्याखाली चिरडलं जाणार होतं.

तेव्हा सोजरबाई उठली. ती भिंतीपाशी, आपल्याच चित्राशेजारी उभी राहिली. वीस वर्षं एस.टी.च्या आणि भोंग्याच्या गोंगाटात मेथी विकलेला तो गळा होता. तिने पदर खोचला.

"माजी हीर कुटं हाय?"

कर्ण्याच्या वरून तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. उठलेली माणसं खाली बसली. पडद्यावरचा कामगार मान हलवत होता. सोजरबाईच त्याच्या वतीने ओरडली, "ह्यो म्हनतोय, हितं हीर नव्हती!"

पुढे बसलेल्या पोरांना राहवलं नाही. ती एकदम ओरडली, "होती!"

पुढचा कामगार आला. "ह्यो बी म्हनतोय, नव्हती!"

"होती!" आता बायकाही ओरडल्या. तिसऱ्या खेपेला सगळी वसाहत ओरडली. त्या जल्लोषात ज्योतीरामांच्या हातून मी दगडावर पडले आणि माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. मंडपात कर्णा गात होता, पण ऐकायला उद्धवरावांशिवाय कुणी नव्हतं. सोजरबाई भिंतीला टेकून हसत होती आणि गालावरचं पाणी पुसायचं तिला भान नव्हतं.

मित्रांनो, काचेला जपून धरा, असं सगळ्याच काचा सांगतात. मी सांगणार नाही. फुटले तर फुटले. जपायची असेल तर म्हाताऱ्या माणसांची आठवण जपा. तुमच्या शाळेखाली, तुमच्या रस्त्याखाली आधी काय होतं, ते त्यांना विचारून ठेवा. आणि उद्या कुणी मोठ्या आवाजात सांगू लागलं की इथे काहीच नव्हतं, तर घाबरू नका. त्याच्याहून मोठ्याने ओरडा, 'होतं!'